गुप्तहेराला खुर्चीतच बसू द्या

मंगळवार, ३ मार्च

चोर कोण होता हे सांगायला तुमच्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं? सिनेमाभर तो म्हातारा गुप्तहेर घराघरातून फिरला, लोकांचा चहा प्याला, एकाच्या बहिणीला त्याची बायको समजला. शेवटी खुर्चीत बसून म्हणतो काय, ‘मला कळलंय.’ कळलंय तर बोल की बाबा! समोर तिघं जण श्वास रोखून उभे. पण नाही. चष्मा काढला, पुसला, टेबलावर ठेवला, डोळे मिटले. दिवा गेला, सगळा काळोख. संपलं! झोपला की मेला, तेही सांगायची तसदी नाही. याला काय सिनेमा म्हणायचा?

चि. बुटकीस आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा बरा नाही, पण त्याच्याशी मी बोलणं टाकलंय.

तू या सिनेमाची कापाकापी केलीस म्हणून आम्ही तिघी गेलो. खालच्या मजल्यावरची चष्मेवाली, समोरची कवळीवाली आणि मी. मागच्या रांगेत दाराशी बसलो. त्या सिनेमाघराचा जिना असा आहे की गर्दीत सापडलं तर माणूस पायांनी उतरत नाही, नुसता उतरवला जातो. म्हणून आमची रीत ठरलेली आहे. लग्न असो नाहीतर सभा, शेवटाची चाहूल लागली की उठायचं. काळोख झाला तशा उठलो, एकमेकींच्या दंडाला धरून निघालो, आणि दिवे लागेपर्यंत रस्त्यावर.

घरी येईपर्यंत भांडण. सिनेमातल्या त्या बाईचं घड्याळ चोरलं कोणी? कवळीवाली म्हणते डॉक्टरनं, कारण त्याचे बूट फार चकचकीत होते. मी म्हणते भाच्यानं. घड्याळाचं नाव निघालं की तो खिडकीबाहेर बघायचा, माझं बरोबर लक्ष होतं. चष्मेवालीला लांबचं धड दिसत नाही, ती सिनेमा नुसता ऐकते. ती म्हणाली, “कोणीच चोरलं नाही गं. बाईनंच लपवलं. घड्याळ सापडलं की गुप्तहेर यायचा बंद होईल ना.” आम्ही दोघी तिला इतक्या हसलो की एक कुत्रं उठून दुसऱ्या फुटपाथवर गेलं.

चांगलं काय ते पण लिहिते, नाहीतर म्हणशील आजीचं तोंडच तिखट. लांबण लावली नाहीत. हल्लीचे सिनेमे म्हणे संपता संपत नाहीत. तुमचा मात्र चहाच्या वेळेला घरी सोडतो. आणि त्या म्हाताऱ्याचा कोट खरा होता. कोपरं झिजलेली, खिसा लोंबलेला. कोटवाल्याला माझं नाव सांग.

आता खरी तक्रार. तुझं नाव शेवटी येतं म्हणालीस. उठता उठता मी मान मोडेस्तोवर मागे बघत होते. नाव नाही, गाव नाही, काळं कुळकुळीत. तुझं नाव कोणी खाल्लं?

लगेच लिही. फोन करू नकोस, फोनमध्ये तू डब्यात अडकलेल्या माशीसारखी ऐकू येतेस.

तुझी आजी


शनिवार, ७ मार्च

प्रिय आजी,

नमस्कार. तुझं पत्र वाचून मी इथे संकलनाच्या खोलीत एकटीच इतकी हसले की बाहेरून कोणीतरी दार वाजवलं.

चोर कोण ते सांगता येत नाही. आमच्याकडून तसं लिहून घेतलंय. खरंच. नावाची काळजी करू नकोस, नाव आहे. तुला दिसलं नसेल.

मला थोडं विचारायचंय, रागावू नकोस. काळोख झाल्यावर तुम्ही उठलात तेव्हा बाकीचे लोकही उठले का? तुम्हाला कोणी थांबवलं नाही? आणि चष्मेवाल्या आजी घड्याळाबद्दल आणखी काय म्हणाल्या? त्यांना असं का वाटलं? त्यांच्याच शब्दांत लिहिलंस तर बरं होईल.

इकडे सगळं छान आहे. कामही छान चाललंय. सिनेमाबद्दल लोक छान बोलताहेत. खोलीत हवा छान येते. जेवते वेळेवर.

तुझी,
बुटकी


बुधवार, ११ मार्च

नात माझी, पत्र मी लिहिलं, दोन वेळा पेनाचं टोक जिभेला लावून निळी झाले मी, आणि तुला मत हवंय चष्मेवालीचं! तिला पडद्यावर माणूस आहे की कपाट हे कळत नाही. मागे एकदा रस्त्यावरच्या पत्रपेटीला नमस्कार करून ‘बरे आहात ना’ विचारलं तिनं.

तरी विचारलं तुझ्यासाठी. म्हणाली, “बाईच्या आवाजावरून कळलं. गुप्तहेर आला की ती ‘या’ म्हणते, त्यात घाई असते. घड्याळाचं विचारलं की सावकाश बोलते. ज्याची वस्तू खरंच गेली ते माणूस याच्या उलट बोलतं.” झालं समाधान? मी भाच्यावर ठाम आहे.

आता तुझे बाकीचे प्रश्न. नाही, लोक उठले नाहीत. बसून राहिले होते, ऐदी मेले. आम्हाला कोण थांबवणार? दारावरचा माणूस म्हणाला, “आजी, लवकर या हं.” मी म्हटलं, बोलावणं बरं आहे, पण पुढच्या सिनेमाला बघू. आणि एक विचित्र बघितलं. आम्ही खाली उतरतो तोवर वरून माणसं धावत येऊन खायच्या खिडकीशी रांग लावायला लागली. सिनेमा संपल्यावर तिथेच उभं राहून खातात! घरी चूल नाही का एकाच्याही?

आता मी विचारते. तुझ्या पत्रात सगळंच ‘छान’ आहे. हवासुद्धा छान. तुझ्या खोलीची खिडकी समोरच्या भिंतीला चिकटलेली आहे, मी येऊन बघून गेलेय. लहानपणी ताटातलं कारलं खिशात घालायचीस तेव्हाही विचारलं की म्हणायचीस, छान होतं. खिसा उलटा कर बघू.

तुझी आजी


रविवार, १५ मार्च

प्रिय आजी,

खिसा उलटा करते.

पहिलं म्हणजे, तुम्ही तिघींनी अर्धाच सिनेमा पाहिलात. तो काळोख म्हणजे मध्यंतर होतं. म्हणून लोक बसून होते, म्हणून खायला रांग होती, आणि दारावरचे काका म्हणून म्हणाले लवकर या. नावं पार शेवटी येतात. रागावलीस ना? थांब, पुढचं वाच.

चूक तुमची नाही, माझी आहे. मध्यंतराला पडद्यावर तसा शब्द येतो. तो मी लगेच येऊ दिला नाही. आधी नुसता काळा पडदा ठेवला, आवाजही नाही. सगळ्यांना सांगितलं की प्रेक्षकाला श्वास घ्यायला जागा हवी. पण तुला खरं सांगते, मी तिथे शेवटच केला होता. कारण दिग्दर्शकानं गोष्ट लिहिली तेव्हा ती तिथेच संपत होती. घड्याळ बाईनंच लपवलेलं होतं, गुप्तहेराला ते कळलं आणि तो गप्प बसला. चष्मेवाल्या आजी बरोबर आहेत. (त्यांना सांगशील?)

मग निर्माता म्हणाला, म्हातारा नुसता बसून राहिला तर लोक खुर्च्या फोडतील. म्हणून दुसरा भाग जोडला. त्यात गुप्तहेर उठतो, टोळी निघते, मोटारी उडतात.

आता लोक काय म्हणताहेत? फोनवर रोज येतं. ‘पहिल्या भागासोबत उशी द्या.’ ‘गुप्तहेर झोपला, पण माझ्यानंतर.’ ‘आमचे आजोबा घरी फुकट असेच बसतात.’ सिनेमा मोठ्या थिएटरांतून उतरतोय. निर्माता म्हणतो दोष कापणारीचा. नवी प्रत काढायची आहे, तिच्यात त्याला खुर्चीचा प्रसंग नको. त्या तिघांकडे बघणं नको, चष्मा पुसणं नको. ‘मला कळलंय’ म्हटलं की थेट मोटार. २७ तारखेच्या शुक्रवारपर्यंत मी कापलं नाही तर दुसरा माणूस कापेल, सिनेमावरून माझं नाव जाईल आणि पुढचं जे काम मला देणार होते तेही. माझ्या नावावरचा हा पहिलाच सिनेमा आहे, आजी. यानंतर कोण बोलावेल?

मला स्वतःचं काही कळेनासं झालंय. तो प्रसंग मी इतक्या वेळा पाहिलाय की आता नुसता चष्मा दिसतो. तू परत जाशील? पूर्ण बघून खरं काय ते लिही. माझं मन राखू नकोस.

बुटकी


शनिवार, २१ मार्च

मन राखायला मी काय तुझी सासू आहे? इतके दिवस अर्धवट सिनेमावर गावभर व्याख्यानं देत फिरले मी. दूधवाल्यापाशी भाच्याची चोरी सिद्ध केली. औषधाच्या दुकानात तर सांगितलं, जा, चहाच्या वेळेला घरी सोडतात. तो माणूस बिचारा रात्री जेवायच्या वेळेला घरी पोचला, आता माझ्याकडे डोळे वटारून गोळ्या देतो. आणि तू तिकडे दार लावून हसत होतीस!

तर गेलो परत, तिघी. दारावरचा माणूस म्हणाला, “काय आजी, उरलेला बघायला?” मी म्हटलं, आधीचाही बघणार, तू तुझी बॅटरी सांभाळ.

दुसरा भाग आधी सांगते. तुझा गुप्तहेर खुर्चीतून जो उठतो तो थेट गच्चीवर. ज्याला पहिल्या भागात जिना चढताना दोनदा थांबावं लागतं तो या गच्चीवरून त्या गच्चीवर उडी मारतो. गुडघ्याचं औषध कुठलं ते तरी दाखवायचं. मग मोटार पाण्यात, मोटार आगीत, घड्याळात हिरे. भाचा चोर निघाला. मी सांगितलं होतं. पण खरं सांगू, बरोबर निघूनही मजा आली नाही.

आता तुला आवडणार नाही ते. लोकांना आवडलं. पोरं शिट्ट्या मारत होती. कवळीवाली तर गुप्तहेर पाण्यातून टोपीसकट वर आला तेव्हा इतकी हसली की तिची कवळी निसटून पुढच्या माणसाच्या पाठीवर लोंबणाऱ्या टोपड्यात पडली, म्हणजे ते सदऱ्यालाच शिवलेलं असतं त्यात. परत मागताना ती बोलू शकेना, मलाच मागावी लागली. तेव्हा तुझा निर्माता अगदीच दगड नाही. त्याला दुकान कळतं.

आता खुर्ची. या वेळी मी पडदा कमी आणि माणसं जास्त बघितली. पहिल्या भागात लोक जांभया देतात, ते खोटं नाही. पुढचा एक तर घोरत होता. पण गुप्तहेर खुर्चीत बसला आणि त्या तिघांकडे एकेक करून बघायला लागला तसा माझ्या शेजारचा खाणारा थांबला. घास गालातच. चष्मा पुसतो तेव्हा कागदाची पिशवीसुद्धा वाजली नाही कोणाची. आणि दारावरचा माणूस आत येऊन उभा राहिला होता. मी विचारलं, तू रोजच बघतोस की काय? म्हणाला, “तेवढंच बघतो.” कवळीवालीचं तोंड मिटलेलं होतं, आणि तिचं तोंड मिटलेलं मी यापूर्वी फक्त झोपेत बघितलंय, तेही अर्धवट.

म्हणजे असं, की हसायला लोक दुसऱ्या भागात हसतात. पण गप्प बसतात ते तिथे. इतकी माणसं एकदम गप्प बसवणं सोपं नाही, मी सहा जावांच्या घरात राहिलेय.

काप की नको काप, ते मी सांगणार नाही. कात्री तुझ्या हातात आहे, भाकरीही तुझीच जायची आहे. कापलंस तरी मी ‘का’ विचारणार नाही. फक्त मग मला ‘छान’ म्हणून लिहू नकोस.

चष्मेवालीला ती बरोबर होती हे सांगितलं नाही. डोक्यावर बसेल. पण एक लक्षात आलंय. तिचा चष्मा सारखा हरवतो आणि शोधायला मलाच हाक मारते. परवा तो साखरेच्या डब्यात सापडला. चष्मा आपल्या पायांनी साखरेच्या डब्यात जात नाही. मी झाकण परत लावलं आणि पलंगाखाली वगैरे शोधत बसले थोडा वेळ. तिनं चहा टाकलाच होता.

निर्मात्यालाही एक पत्र टाकलंय. पत्ता सिनेमाच्या जाहिरातीवर होता. घाबरू नकोस, खाली नाव घातलं नाही. ‘मागच्या रांगेतली एक’ एवढंच.

तुझी आजी


गुरुवार, २ एप्रिल

आजी! पत्र? त्याला?

क्रमानं सांगते. शुक्रवारी मी कापलं नाही. तुझं पत्र उशाशी होतं, पण ठरवलं ते मीच. प्रसंग शेवटचा एकदा लावला, खाणाऱ्याचा गालातला घास डोळ्यांपुढे आणला, आणि दिवा बंद करून घरी गेले. शनिवारी निर्मात्यानं बोलावलं. म्हणाला, सोमवारी दुसरा येईल, तुमच्या वस्तू घेऊन जा. मी कप, उशी आणि शाल पिशवीत भरली. दिग्दर्शक जिन्यात भेटला, माझी पिशवी थोडा वेळ धरून उभा राहिला, मग त्याला फोन आला.

सोमवारी पुन्हा निरोप, ताबडतोब या. गेले तर निर्माता टेबलावर बसून तुझं पत्र मोठ्यानं वाचतोय आणि अख्खं ऑफिस हसतंय. ‘गुडघ्याचं औषध कुठलं ते दाखवा’ ला त्यानं स्वतःच टाळी दिली. मी अक्षर लांबूनच ओळखलं. तुझा ‘क्ष’ अजून भांडायला उभा असल्यासारखा दिसतो.

तर झालंय असं. तू लिहिलंस ना, ‘तुमच्या दुसऱ्या भागात आमची एक इतकी हसली की कवळी बाहेर आली, पण पहिल्या भागात खुर्चीपाशी तिचं तोंड मिटलं ते दिवे लागेस्तोवर उघडलं नाही’? त्याला ते नव्या जाहिरातीवर छापायचंय. मोठ्या अक्षरांत. पण फक्त ‘इतकी हसली की कवळी बाहेर आली’ एवढंच. शेजारी त्या बाईंचा हसरा फोटो. पत्रावर नाव नाही, पोस्टाचा शिक्का पुसट. म्हणून त्यानं मला सांगितलं, “तुम्हाला बारीकसारीक शोधायची सवय आहे. या बाईला शोधा, परवानगी आणा. तोवर नव्या प्रतीचं काम थांबू द्या.”

म्हणजे मी सध्या तुझा शोध घेते आहे. रोज संध्याकाळी जाऊन सांगते की धागा मिळतोय, पण पक्कं नाही. काल एका गावाचं नाव घेतलं, आज ते खोडलं. खोली परत मिळालीय, कप जागेवर आलाय. तू सापडलीस की दुसरा माणूस येऊन बसेल. तेव्हा कृपा करून सापडू नकोस. निदान हा महिना. आणि त्याला आणखी पत्रं अजिबात टाकू नकोस.

बुटकी


सोमवार, ६ एप्रिल

माझं वाक्य कापायची परवानगी त्याला दिली कोणी? खुर्ची कापतो ती कापतो, वर माझं बोलणंही ‘पण’च्या अलीकडे छाटतो! अर्धी बाई दाखवतो लोकांना. हसलेली तेवढी ठेवली, गप्प बसलेली फेकून दिली.

चि. बुटकीस आशीर्वाद. कापलं नाहीस ते वाचलं. यावर जास्त लिहीत नाही, शाई संपत आलीय.

आता लपवाछपवी बंद कर. तुला असं रोज खोटं बोलून खोलीत बसायचंय? किती दिवस मला गावोगाव हिंडवशील? कवळीवालीला फोटोचं कळलं तेव्हापासून ती आरशासमोरून हलत नाही, तिच्यानं महिनाभर गप्प राहवणार नाही. तेव्हा हे पत्र घेऊन सरळ त्याच्या खोलीत जा. ‘सापडली’ म्हण. आणि इथून पुढचं त्याला मोठ्यानं वाचून दाखव, ऑफिसातली माणसं असतील तर त्यांनाही बोलाव.

निर्मातेसाहेब, पत्र लिहिणारी बाई मी. तुमच्या कापणाऱ्या मुलीची आजी. तिला माझा पत्ता पहिल्या दिवसापासून ठाऊक होता, तिचे दुधाचे दात याच घरात पडले. तिनं तो लपवला. रागवा तिला, पण थोडक्यात, कारण तुम्हालाही माझ्याकडून काही हवंय.

कवळी बाहेर आली ती माझ्या शेजारणीची. ती फोटोला एका पायावर तयार आहे. पण ते वाक्य माझं आहे आणि शेजारीण माझ्या शब्दाबाहेर नाही, कारण तिला दारापासून जिन्यापर्यंत मीच धरून आणते. तर ऐका. वाक्य छापायचं तर अख्खं छापायचं. हसली तेही, गप्प झाली तेही. आणि अख्खं छापलंत की खुर्ची ठेवावीच लागेल. नाहीतर लोक विचारतील, ती बाई गप्प झाली ते नेमकं कुठे? तुम्ही काय दाखवाल, मोटार?

तुमच्या गच्च्या, मोटारी, हिरे, सगळं राहू द्या. पोरं हसतात, हसू दे. मी तुमच्या दुकानात हात घालत नाही. फक्त म्हाताऱ्याला उडी मारायच्या आधी बसू द्या. चष्मा पुसू द्या. आणि जिनं त्याला तिथे बसवलं तिचं नाव सिनेमावर राहू द्या, त्यासाठी मान मोडायची पाळी कोणावर आणू नका.

हे कबूल नसेल तर वाक्य माझं मला परत करा. तुमच्याकडे उशी मागणारे पुष्कळ आहेत, त्यांचं छापा. मध्यंतराचा शब्द मात्र जरा लवकर येऊ द्या, म्हाताऱ्या बायका घरी निघून जातात.

बुटके, इथे वाचायचं थांब. पुढचं तुझ्यासाठी आहे.

तो ओरडला तर ओरडू दे, तू खुर्चीत बसून राहा. ‘हो’ म्हणाला तर लगेच हसू नकोस, तो शब्द फिरवेल. आणि ‘नाही’ म्हणाला तर कप आणि उशी घेऊन इकडे ये, पलंग झटकून ठेवलाय. दुसरीकडे कुठेतरी कापशील, कात्री काही त्याच्याकडून आणली नव्हतीस.

या पत्राचं उत्तर त्यानं द्यायचं. स्वतःच्या हातानं, खाली सही करून. तू लिहून देऊन त्याची सही घेशील तर अक्षर मला कळतं. दिग्दर्शकानंही मध्ये पडायचं नाही, तो जिन्यातच बरा. त्याचं उत्तर येईपर्यंत तू मला एक ओळही लिहायची नाहीस. आलीच तर पाकीट न फोडता चष्मेवालीच्या साखरेच्या डब्याखाली ठेवीन.

तुझी आजी